टाचेचा जोड

आमच्या ह्यांना कारखान्यात कुणी खऱ्या नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. सगळे त्यांना बुडबुडे म्हणत. गाड्यांच्या एसीमध्ये गॅस फिरवणारे पाइप असतात. ते जिथे एकमेकांना जोडले जातात, तो जोड पाण्याच्या टाकीत बुडवायचा, आत दाबाने हवा सोडायची आणि बुडबुडा येतो का बघत बसायचं, हे ह्यांचं काम. बुडबुडा आला की तुकडा बाजूला. नाही आला की ह्यांचा शिक्का आणि पुढे. एकदा नव्याने लागलेल्या हिशेबनिसाने ते आडनावच समजून पगाराच्या कागदावर सरळ 'श्री. बुडबुडे' लिहिलं. मी म्हटलं, जाऊन सांगा तरी. तर म्हणाले, "पगार आला ना? मग बुडबुडे तर बुडबुडे."

घरी आले तरी डोळा तोच. दर सुट्टीच्या दिवशी शेगडीच्या नळीला साबणाचं पाणी लावून बघायचे. पाहुणे बसलेले असले तरी लावायचे. जगात त्यांच्या लेखी दोनच जाती, गळणारे आणि न गळणारे. शेजारीण कशी आहे विचारलं तर म्हणत, "चांगली आहे बाई, जरा गळते." म्हणजे ऐकलेलं तिच्या पोटात राहत नाही. स्वतः मात्र अगदी घट्ट. कारखान्यातलं काही घरी सांगायचे नाहीत. त्यामुळे पुढे जे झालं ते मला कळायला इतकी वर्षं लागली.

त्यांनी एक शोध लावला होता. तो काय होता हे मला त्यांनी जेवणाच्या डब्यावर समजावलं होतं. दोन ठोकळे समोरासमोर ठेवून एकाच बोल्टने आवळायचे असतात. बोल्ट एका बाजूला आणि पाइपचं तोंड दुसऱ्या बाजूला. डब्याचं झाकण एका कडेवर दाबलं की दुसरी कड जशी उचलली जाते, तसा तो ठोकळा बोल्ट आवळताना तिरका होतो. मग आतलं रबरी कडं एकीकडे चेपतं, दुसरीकडे सैल राहतं. गाडी हादरत राहते, गॅस हळूहळू उडून जातो आणि ऐन उन्हाळ्यात मालक गॅरेजवाल्याच्या नावाने शंख करतो.

एकदा ह्यांच्या टाकीत जोड गळेचनात. आधी त्यांना वाटलं टाकीच बिघडली. पाणी बदललं, हवेची नळी बदलली, तरी बुडबुडा नाही. मग एक जोड उघडून त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. बोल्टच्या मागच्या कडेला धातूचा बारीक कंगोरा राहिला होता. कापायचं हत्यार बोथट झालेलं, त्यामुळे कड साफ निघालेली नाही. आराखड्याप्रमाणे तो कंगोरा घासून काढायला हवा होता. पण तोच कंगोरा समोरच्या ठोकळ्याला आधी टेकत होता आणि ठोकळ्याला तिरकं होऊ देत नव्हता.

आराखडे काढणाऱ्या विभागाचे मोठे साहेब होते, त्यांना ह्यांनी तो तुकडा नेऊन दाखवला. साहेबांनी तो बराच वेळ उलटासुलटा केला आणि म्हणाले, "बुडबुडे, अरे ही तर टाच आहे! टाच नसलेल्या माणसाला एका पायावर उभं केलं तर तो पडणारच की."

मग त्या कंगोऱ्याची नीट मापातली टाच झाली. तिचं पेटंट झालं. कागदावर शोध लावणारे म्हणून दोन नावं, आधी साहेबांचं, मग ह्यांचं. खरं नाव, हं. कंपनीने चौकटीत घालून दिलं. हे म्हणाले, देवाच्या फोटोशेजारी लावू? मी नको म्हटलं. देवाच्या रांगेत माणसाचं काही लावू नये. मग समोरच्या भिंतीवर लावलं. देवाला वाचायचं असेल तर त्याला तिथूनही दिसतंच.

पुढे तो कारखाना एका बड्या कंपनीने घेतला. नव्या मालकांनी टाकीच्या जागी यंत्र बसवलं आणि जुन्या लोकांना सन्मानाने घरी पाठवलं. घरी बसून हे माझ्या स्वयंपाकघरातले सगळे नळ बदलून मोकळे झाले. शेवटी माझा धाकटा भाऊच म्हणाला, "दाजी, माझ्याकडे या. ताईला जरा श्वास घेऊ द्या."

धाकट्याचं छोटं वर्कशॉप आहे. गॅरेजवाल्यांना एसीचे पाइप बनवून देतो. पाच-सहा माणसं, दोन यंत्रं, मागे पत्र्याची खोली. तो जुन्याच पद्धतीचे जोड बनवायचा आणि गळले की शिव्या खायचा. ह्यांनी तिथे एक जुनी टाकी ठेवली आणि म्हणाले, "ह्याला टाच ठेव." त्यानंतर पाइप परत येईनात. दूरदूरचे गॅरेजवाले नाव विचारत येऊ लागले. धाकट्याची छाती अशी फुगली की विचारू नका. त्याने आमच्या भिंतीवरच्या कागदाची रंगीत प्रत काढून वर्कशॉपच्या दारातच लावली. येईल त्याला सांगायचा, "पेटंट कुणाचंय बघा. आमच्या दाजींचं!"

आणि आम्हा सगळ्यांना तसंच वाटत होतं, ह्यांनासुद्धा. घराच्या कागदावर ज्याचं नाव, घर त्याचं. मग पेटंटवर ज्याचं नाव त्याचंच ते असणार. ह्यात विचारायचं काय, आणि कुणाला?

त्या बड्या कंपनीची नोटीस आली त्या दिवशी मी माझ्या रोजच्या वहीत फक्त 'नोटीस आली' इतकंच लिहिलंय. दुसरं काही सुचलंच नव्हतं.

वकीलबाई वयाने लहान, पण बोलणं धारदार. त्यांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो. धाकटा, त्याची बायको, हे आणि मी. त्यांनी नोटिशीबरोबरचा एक फोटो आमच्याकडे सरकवला. त्यात धाकट्याच्या वर्कशॉपचं दार होतं आणि दारावर ती रंगीत प्रत.

"पुरावा गोळा करायला त्यांना काही कष्टच पडले नाहीत," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हीच टांगून ठेवला होता."

"पण नाव दाजींचं आहे!" धाकटा म्हणाला.

"शोध लावणारा म्हणून नाव त्यांचं. मालकी कंपनीची. तसा करार ह्यांनी सही करून दिलाय."

"म्हणजे बाप आमचे दाजी आणि पोर कंपनीचं?"

"दत्तक दिलंय. आता रस्त्यात भेटलं म्हणून उचलून घरी आणता येत नाही."

माझी भावजय एरवी चेष्टेची एक संधी सोडत नाही. त्या दिवशी ती गप्प पदराशी चाळा करत बसली होती. वकीलबाईंनी पुढचं सांगितलं ते असं. निकाल लागेपर्यंत टाचेचे जोड बनवायला आणि विकायला कोर्ट मनाई करेल. तयार मालाला सील लागेल. वर्कशॉप चालतं ते टाचेवर, म्हणजे वर्कशॉपलाच सील लागल्यासारखं. वाट एकच उरते. पेटंटचा अर्ज करायच्या आधीच असा जोड बाजारात होता हे दाखवता आलं, तर ते पेटंटच टिकणार नाही. जे आधीपासून लोकांच्या हातात होतं त्याला नवा शोध कसं म्हणणार?

"तसं काही होतं का, काका?" त्यांनी ह्यांना विचारलं.

हे समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते. "आठवून बघतो," म्हणाले.

ह्या माणसाला आठवून बघावं लागत नाही. लग्नात कुणी काय दिलं ते मी विसरले, ह्यांना भांड्यांवरच्या पोच्यांसकट पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत होते. हे येऊन समोर बसले आणि न सांगता शेंगा सोलायला लागले. तेव्हाच मला कळलं, आता काहीतरी बाहेर येणार.

"ते कंगोऱ्याचे तुकडे," ते म्हणाले, "माझ्या लक्षात यायच्या आधीच पुष्कळ बाहेर गेले होते गं. गाड्यांना लागले होते. सगळ्यांवर माझा शिक्का."

"मग ते तर चांगलंच आहे! वकीलबाईंना तेच हवंय ना?"

"शिक्का मारायच्या आधी आराखड्याशी ताडून बघायचं, असा नियम होता. मी कधी बघितलं नाही. बुडबुडा नाही आला की माझ्या दृष्टीने तुकडा चांगला. त्याच सुमारास न बघता शिक्के मारणाऱ्या काही जणांना कामावरून काढलं होतं. साहेबांनी मला विचारलं, बुडबुडे, ह्यातले काही बाहेर गेलेत का? मी नाही म्हणालो."

"आणि?"

"आणि मग अर्जाच्या वेळी तसं लिहून दिलं. शपथेवर."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. शपथ म्हणजे देवाचं नाव घेऊनच ना? इतकी वर्षं आम्ही दोघं सकाळी एकत्र प्रार्थनेला बसतो. हे डोळे मिटून बसायचे तेव्हा आत हे सगळं असायचं?

"साहेबांना माहीत आहे?"

"त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. त्यांचीही सही आहे खाली." आणखी एक शेंग सोलून म्हणाले, "सांगितलं तर धाकट्याचं वर्कशॉप वाचेल. पण मग शोध कुणाचा उरला? बोथट हत्याराचा. आणि मी कोण? खोटी शपथ घेणारा. नाही सांगितलं तर धाकटा बुडाला, आणि तो बुडेल माझ्याच टाचेपायी. कुठून निघायचं सांग."

मला कुठलं येतंय सांगायला? मी इतकंच म्हटलं, "धाकट्याला तरी सांगा. त्याचं घर आहे त्यात."

धाकट्याला सांगितलं तर त्याने ह्यांना उचलूनच घेतलं. "दाजी, तुम्ही देवमाणूस आहात!" मला ते ऐकवेना. वकीलबाई मात्र म्हणाल्या की नुसतं सांगून भागणार नाही, त्या काळातला एखादा तुकडा पाहिजे. झालं. धाकटा जुन्या गाड्या मोडणाऱ्यांच्या आवारात फिरू लागला. सकाळी जायचा आणि अंगभर काळं होऊन यायचा. भावजयीची जीभ तेवढ्यापुरती परत आली. म्हणाली, "ताई, माझं लग्न भंगाराशी लावून दिलं होतं का हो? नवरा फक्त अंघोळीला घरी येतो."

आणि एक दिवस तो खरंच तुकडा घेऊन आला. एका मोडीत काढलेल्या गाडीचा, अर्जाच्या आधी बनलेल्या. गाडीवर बनल्याची तारीख आणि जोडावर ह्यांच्या शिक्क्याचा आकडा. आमच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने तो असा ठेवला जसा काही हिराच. हे उठले, चष्मा लावला आणि कडेवरून अंगठा फिरवला. कंगोरा होता.

"हाच ना, दाजी? सांगा ना, हाच ना?"

"हाच," हे म्हणाले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

वकीलबाईंनी तो तुकडा सापडल्याचं समोरच्यांना रीतसर कळवलं. त्यानंतर काही दिवसांनी आमच्या दाराशी साहेब आले. मोठे साहेब, टाच म्हणणारे. आता थकलेत, काठी घेऊन चालतात. मी खुर्ची पुढे केली. आधी त्यांनी माझी चौकशी केली, सासरी असलेल्या आमच्या मुलीची केली, चहा घेतला. धाकटा तिथेच होता. मग कप खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, "बुडबुडे, तू मला नाही म्हणाला होतास."

"हो, साहेब."

"मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. म्हटलं, बुडबुडे म्हणतोय म्हणजे नाहीच."

साहेब ओरडले असते तरी बरं झालं असतं.

साहेबांना कंपनीने पाठवलं होतं. एक प्रस्ताव होता. कंपनी दावा मागे घेईल. एवढंच नाही, धाकट्याला टाचेचे जोड बनवायची रीतसर परवानगी देईल, कायमची. त्याबदल्यात ह्यांनी शपथेच्या एका कागदावर सही करायची. त्यात लिहिलेलं असं. अर्जाच्या आधी असा एकही तुकडा बाहेर गेला नव्हता, आणि सापडलेल्या तुकड्याचा कंगोरा गाडी वापरताना, मोडताना पडला असावा.

"एवढ्या मोठ्या कंपनीला आमच्यासारख्यांची कसली भीती?" धाकट्याने विचारलं.

"तुमची नाही रे. हा तुकडा कोर्टात आला आणि पेटंट पडलं, तर उद्या सगळे मोठे प्रतिस्पर्धी टाच बनवायला मोकळे." साहेब ह्यांच्याकडे वळले. "मी सही कर म्हणत नाही. करू नको असंही म्हणत नाही. मला ह्या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, हे मात्र खरं."

ते गेल्यावर धाकटा उठून दोन येरझाऱ्या घालून आला. चेहऱ्यावर उजेड मावत नव्हता. "दाजी, सुटलो आपण! एक सही!"

"कालपर्यंत तू म्हणत होतास, खरं सांगा."

"काल खऱ्याने वाचत होतो. आज ह्याने वाचतोय, तेही निकालाची वाट न बघता. आणि कुणाचं वाईट होतंय सांगा की. तुमचं नाव राहतं, साहेबांची अब्रू राहते, माझी माणसं राहतात. सगळे वाचतात."

आणि ते खरं होतं. त्या कागदाने सगळेच वाचत होते. मी देवासमोर जाऊन बसले, हात जोडले, आणि मागायचं काय तेच मला कळेना. ह्यांच्या हातून पुन्हा खोटी शपथ घडू नये असं मागावं, तर भावाचा संसार मोडतो. भावासाठी मागावं, तर मागणं तोंडातून कसं काढायचं? देवा, ह्यांना खोटं बोलायची बुद्धी दे? मी नुसतीच बसले. मग भात लागेल म्हणून उठले.

हे दोन दिवस वर्कशॉपला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी धाकटा कागद आणि पेन घेऊनच आला. बरोबर भावजय.

"मी नाही करणार," हे म्हणाले.

"काय नाही करणार?"

"सही. तुकडे बाहेर गेले नाहीत, असं एकदा म्हणालो होतो. त्यानंतर टाकीवर बसलो की मान वर करायला नको वाटायचं. साहेब शेजारून गेले की नको वाटायचं. तुम्ही सगळे भिंतीवरच्या त्या कागदाकडे बोट दाखवायचात तेव्हाही नको वाटायचं. आता पुन्हा तेच म्हटलं, तर मग मी कुठे बघायचं?"

धाकट्याचा आवाज कधी नव्हे इतका खाली आला. "खोटं बोलायचं होतं तेव्हा बोललात, दाजी. स्वतःची नोकरी होती तेव्हा. आणि माझी पाळी आली तेव्हा साधू झालात?"

"अरे…" मी म्हटलं.

"तू बोलू नको, ताई. ह्यांची सचोटी माझ्या वर्कशॉपच्या भाड्यावर चाललीय, हे तुला कळतंय का?"

तो म्हणत होता त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. भावजयीने पेन उचललं, टोपण लावलं आणि पर्समध्ये टाकलं. जाताना दारात मला म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं." मी दार लावून घेतलं. तेही खरं असेल.

कोर्टात मी मागच्या बाकावर बसले होते. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शपथ घेताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, वर कुठेतरी बघितलं. वकीलबाईंनी विचारलं ते सगळं त्यांनी नीट सांगितलं. शिक्का, कंगोरा, साहेबांचा प्रश्न, आपलं उत्तर. सगळं.

मग कंपनीचे वकील उठले. आवाज अगदी मऊ.

"म्हणजे तुम्ही तेव्हा शपथेवर खोटं बोललात, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

"आणि आता शपथेवर खरं बोलताय?"

"हो."

"आता कुणाकडे काम करता?"

"बायकोच्या भावाकडे."

"तुमच्या आताच्या बोलण्याने त्यांचा फायदा होतो?"

"होतो."

"तेव्हाच्या बोलण्याने तुमचा फायदा झाला होता?"

"झाला होता."

"मग आम्ही कसं ओळखायचं, कुठलं खरं?"

ह्यांनी चष्मा काढून पुसला. न्यायाधीश म्हणाले, उत्तर द्या. ह्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मला सांगता येत नाही." मागे कुणीतरी हसलं. मला उठून जावंसं वाटलं.

मग तो तुकडा पुढे आला. वकिलांनी तो नाकारलाच नाही. उलट म्हणाले की असा कंगोरा असेल, मान्य. पण तो चुकून राहिलेला, एका तुकड्यावर जाड, एकावर बारीक, एकावर नाहीच. तो काही उपयोगाचा आहे हे जगात कुणाला ठाऊक नव्हतं. तो ओळखून त्याला मापात बसवणं, हाच तर शोध. "आणि हा शोध," त्यांनी ह्यांच्याकडे हात केला, "ह्यांनीच लावला. आम्ही तर तो मोठेपणा त्यांना द्यायला तयार आहोत. तेच घ्यायला तयार नाहीत."

आम्ही घरी परतलो. दाराशी आल्यावर हे म्हणाले, "तो वकील म्हणाला ते बरोबर असेल तर? मग मी हे कशासाठी सांगितलं?"

"खरं होतं म्हणून सांगितलंत," मी म्हटलं. मला स्वतःलाच ते पुस्तकातलं वाक्य वाटलं. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक. त्यांनी चपला काढून जागेवर ठेवल्या, पायाने सरळ केल्या.

निकाल लागलेला नाही. तारीख पडते, पुढे जाते. साहेबांनाही बोलावलं होतं. ते काठी टेकत पायऱ्या चढले, माझ्याशी बोलले, ह्यांच्याशी नाही. कोर्टाने घातलेली मनाई आहे तशीच आहे. धाकट्याने दोन माणसं कमी केली आणि पुन्हा जुन्या पद्धतीचे, बिनटाचेचे जोड सुरू केले. ते गळतात. गॅरेजवाले तोंडावर बोलतात. ह्यांनी काम सोडतो म्हटलं तर धाकटा म्हणाला, "आता सोडून कुठे जाताय? ह्यात घातलंत तर ह्यात रहा." त्यामुळे हे रोज जातात. दोघं एकाच खोलीत दिवसभर असतात आणि 'पाना द्या' आणि 'हा घ्या' ह्यापलीकडे बोलत नाहीत.

सील लागलेला माल मागच्या खोलीत खोक्यांमधून पडून होता. धाकट्याने कोर्टाकडे मागणं केलं की निदान तो तरी विकू द्या. कोर्टाने परवानगी दिली. अट अशी की प्रत्येक जोडाची टाच घासून काढायची, आणि कोर्टाच्या माणसासमोर काढायची.

परवा मी डबा घेऊन गेले. कोर्टाचा माणूस खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत बसला होता. हे स्टुलावर. जोड यंत्रात आवळलेला, हातात कानस. टाच घासून सपाट करायची, उजेडाकडे धरून बघायची, त्या माणसाला दाखवायची. तो वर्तमानपत्रावरून नजर उचलायचा, मान हलवायचा. मग पुढचा. ॲल्युमिनियमचा कीस ह्यांच्या गुडघ्यावर, बाहीवर, भुवयांवर पडला होता.

"एवढं गुळगुळीत कशाला करताय, काका?" तो माणूस म्हणाला. "माझं काय, टाच गेली की झालं."

"राहिली तर गळायची नाही," हे म्हणाले. "आणि मग तुम्हीच विचाराल, का गळत नाही म्हणून."

तो हसला. धाकटा पलीकडे टाकीपाशी होता. तोही हसला की काय असं मला वाटलं, पण त्याने पाठ फिरवली होती. मी डबा बाकावर ठेवला आणि म्हटलं, "आधी चार घास खाऊन घ्या." हो म्हणाले आणि पुढचा जोड उचलला. त्यांच्या पायाशी खोकं होतं. ते अजून अर्धंही रिकामं झालं नव्हतं, आणि दारामागे तशीच आणखी होती.